वरच्या दोन तारा

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
दि. ४ ऑगस्ट २०२५

स्वरदाताई,

आज सोमवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. झेरॉक्स मशीनची काच पुसत होतो, तेव्हा पोस्टमन तुमच्या वकिलांची नोटीस घेऊन आला. सही मी केली, पण वाचली आधी रामकिसनशेठनी. दुकान त्यांचं आहे. वाचून झाल्यावर त्यांनी गल्ल्याची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. 

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे, म्हणून पत्र लिहितो. नोटिशीतल्या मुद्द्यांना क्रमानं उत्तर देतो.

"मयत मधुसूदन कायगावकर यांच्या घरी नोकर म्हणून राहणारा इसम" असं लिहिलं आहे. मी नोकर नव्हतो. सरांचा हात कापायला लागला, तेव्हा त्यांचं संगीत पाच रेघांच्या कागदावर उतरवायला त्यांनी मला ठेवलं. महिना सहा हजार आणि गच्चीवरची खोली, चार वर्षं. त्याआधी मी उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात होतो. सर पानं घेऊन आले होते. एका पानाची शेवटची ओळ कापली गेली, म्हणून मी ते पान न विचारता परत काढलं. सर म्हणाले, "तुला हे वाचता येतं?" मी म्हटलं, "नाही. पण वरच्या सगळ्या ओळींना पाच रेघा आहेत आणि शेवटच्या ओळीला तीनच." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं.

चेलो तुम्ही फेब्रुवारीत नेला. त्या माणसाएवढ्या वाद्याची पेटी तीन मजले खाली मीच आणून दिली. खोली त्याच दिवशी सहा वाजेपर्यंत रिकामी करायला सांगितली, ती मी साडेपाचला केली.

'खाम' या, आपल्या शहरातल्या नदीचं नाव दिलेल्या रचनेची एक्केचाळीस पानांची पक्की प्रत मी तुमच्या हातात दिली. कच्ची वही माझ्याकडे नाही.

आपला,
आदिनाथ केरबा शिंगाडे


पुणे
१३ ऑगस्ट २०२५

आदिनाथ,

मला ताई म्हणू नकोस. बाबा तीन आठवडे अंथरुणावर होते आणि तुझा फोन मला आला तो नऊ नोव्हेंबरला सकाळी सव्वासातला, ते गेल्यावर. एवढं सोडलं तर तुझं सगळं फार व्यवस्थित असतं, हे मान्य.

चार वर्षं त्यांच्या टेबलाशी बसलास म्हणून ते तुला कळले, असं समजू नकोस. छावणीतल्या चर्चमध्ये एका गोव्याच्या मास्तरांकडे ते चेलो शिकले. आजोबा भिक्षुकी करायचे. या वाद्याला मेंढीच्या आतड्याच्या तारा असतात असं कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी ते घरात येऊ दिलं नाही. म्हणून बाबा एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेले. सव्वीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला शेवटच्या रांगेत बसले. मी लहानपणी प्रत्येक सिनेमाची नावं डोळे फाडून वाचायचे. हजारभर गाण्यांत बाबा आहेत आणि पडद्यावर एकदाही नाहीत. मग सगळ्या वाद्यांचे आवाज काढणारी मशीनं आली, ती रांगच गेली. आई गेली. ते उस्मानपुऱ्यात परत येऊन एकटे राहिले आणि कुणी मागितलेलं नसताना संगीत लिहीत बसले.

'खाम' नऊ नोव्हेंबरला पुण्यात वाजणार आहे. त्यांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशी, पहिल्यांदा, त्यांच्या नावानं. इथे चेलो शिकवणारे विश्वजीत सर वाजवणार आहेत. वाद्य दुरुस्त करून घेतलं. त्याला लावलेल्या कळकट, वास मारणाऱ्या दोन तारा काढून टाकल्या आणि चारही नव्या स्टीलच्या बसवल्या. सोसायटीच्या लोकांनी मला सांगितलं होतं, तुम्ही दोघं गॅलरीत आतडी वाळत घालायचात म्हणून. आजोबांचं त्या एका बाबतीत बरोबरच होतं.

आता कामाचं. तुझी पक्की प्रत चुकांनी भरलेली आहे. विश्वजीत पहिल्या पानापासूनच अडले. नववीतून शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती बाबांनी हे काम द्यायला नको होतं. चुका सुधारायला कच्ची वही लागणार आहे. ती तुझ्याकडेच आहे. पंधरा दिवसांत पाठव.

स्वरदा


गुलमंडी
दि. १९ ऑगस्ट २०२५

मॅडम,

पान क्रमांक आणि ओळ क्रमांक कळवा. नुसतं "चुकांनी भरलेली" लिहून मला उत्तर देता येत नाही.

माझी पद्धत सांगतो. सर वाजवायचे किंवा बोलायचे, मी कच्च्या वहीत पेन्सिलनं घ्यायचो. मग ते बोट ठेवून ठेवून तपासायचे. मग पक्क्या कागदावर शाईनं. त्यात एक ठिपका चुकला तरी खोडायचं नाही, पान नव्यानं लिहायचं, हा सरांचा नियम. सतरावं पान मी नऊ वेळा लिहिलं. नववी सुटली ते मेंढरांमागं जावं लागलं म्हणून. मोजता येत नव्हतं म्हणून नाही.

काढलेल्या दोन तारा कुठं आहेत?

आदिनाथ केरबा शिंगाडे


पुणे
२८ ऑगस्ट २०२५

तारा घंटागाडीत गेल्या. शोधायच्या असतील तर ये.

पान आणि ओळ पाहिजे ना? सगळी पानं. विश्वजीतांचे शब्द जसेच्या तसे देते: "खाली असेपर्यंत ठीक चालतं, वर गेलं की बेसूर." त्यांच्या मते नवख्या हाताचं असंच होतं, वरच्या रेघा मोजताना डोळा चुकतो. एकशे अठरा जागा त्यांनी अंदाजानं शाईनं दुरुस्त केल्या आहेत. सहा पानं सुधारण्यापलीकडची आहेत, ती वगळू.

वही आली नाही, तर वकील पिशोर पोलिसांकडे अर्ज देतील. तुझं गाव तेच ना?

स्वरदा


गुलमंडी
दि. ३ सप्टेंबर २०२५

मॅडम,

"खाली असेपर्यंत ठीक चालतं, वर गेलं की बेसूर." हे वाचून मी दुकानात मोठ्यानं हसलो. गिऱ्हाईक बघायला लागलं. मग स्टुलावर बसून तीच ओळ परत वाचली.

माझी एकही चूक नाही. काय झालं आहे ते मला कळलं. ते एका वाक्यात सांगता येतं आणि ते वाक्य आता जगात माझ्याशिवाय कुणाकडे नाही. ते कळल्याशिवाय नऊ नोव्हेंबरला जे वाजेल ते तुमच्या विश्वजीत सरांचं असेल. वर नाव तेवढं सरांचं.

कच्ची वही माझ्याकडे आहे. चार ऑगस्टला नाही म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. वही सरांनी मला दिली, पण दिल्याचा कागद नाही, आणि तुमच्या नोटिशीत 'चोरी' हा शब्द तीन वेळा होता. मी घाबरलो.

शाईनं दुरुस्त केलं, असं तुम्ही सहज लिहिता. सतराव्या पानाचे ते नऊ कागद कुणी लिहिले होते? तुमच्या विश्वजीत सरांना पेन्सिल मिळाली नाही का?

मला दोन गोष्टी पाहिजेत. रामकिसनशेठच्या नावानं एक ओळ लिहा, की आदिनाथनं चोरी केलेली नाही. दुकानात रोज दोनशे माणसं येतात आणि शेठ प्रत्येकाचे पैसे आता स्वतः उठून घेतात. दुसरी गोष्ट, कार्यक्रमाच्या पत्रिकेत कोपऱ्यात छापा: 'प्रत: आदिनाथ शिंगाडे'. सरांचं नाव पडद्यावर आलं नाही म्हणून तुम्हाला अजून वाईट वाटतं. माझं नाव तुम्ही नोटिशीत मात्र पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

हे दोन्ही आलं की वाक्य पाठवतो.

आदिनाथ केरबा शिंगाडे


पुणे
१५ सप्टेंबर २०२५

आदिनाथ,

याला खंडणी म्हणतात. मी बँकेत सव्वीस वर्षं आहे, अशी पत्रं ओळखता येतात. सोबत पाच हजारांचा चेक आहे. वहीची किंमत म्हणून घे आणि वही पाठव. ओळ मिळणार नाही. पिशोरला अर्ज गेला आहे.

काल विश्वजीतांनी दुरुस्त केलेलं 'खाम' पूर्ण वाजवून दाखवलं. सुरेल आहे. कुठेच खटकत नाही. चहा पिताना ऐकावं असं आहे.

गेल्या वर्षी गणपतीत बाबांनी फोन जमिनीवर ठेवून मला पहिलं पान ऐकवलं होतं. खालून काहीतरी घासत वर येत होतं आणि वरचा आवाज त्याला सोडत नव्हता. दोन मिनिटांनी मी म्हटलं, बाबा, मीटिंग आहे. काल ऐकलं ते हे नव्हतं.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण एका चुकीसाठी पान नव्यानं लिहीत बसायला मला वेळ नाही. राहू दे.

स्वरदा


पिशोर, ता. कन्नड
दि. ६ ऑक्टोबर २०२५

मॅडम,

दसऱ्याला घरी आलो तो अजून इथंच आहे. शिपाई येऊन गेला होता. त्यानं माझ्या वडिलांना, केरबांना, चावडीपुढं उभं करून विचारलं, "पोरगं काय घेऊन आलंय शहरातनं?" वडील म्हणाले, "मळकी कापडं." लोक हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला समोर बसवलं.

"वही हाय का तुझ्याकडं?"

"आहे."

"मग नाय म्हणून कशाला लिव्हलं?"

"तिनं आधी चोर म्हटलं."

"तिच्या म्हणण्यानं व्हत नव्हतास. नाय म्हणलास तवा झालास."

आई राजाबाई चुलीपासून म्हणाली, "त्या बाईचा बाप मेला. तुझा पगार मेला. एक हाय का ते?"

मी म्हटलं, मला पगाराचं काही नाही. आई म्हणाली, "मग लई मोठा मानूस हायेस. दे की."

 आता लिहितो. ओळ न येता लिहितो, तुम्ही जिंकलात असं समजा.

चेलोच्या चार तारा जगभर सा, प, रे, ध अशा लावतात. सरांच्या सा, प, सा, प होत्या. वरच्या दोन तारा एकेक स्वर उतरवलेल्या. लिहायचं मात्र नेहमीच्याच तारा धरून, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं सवयीच्या जागी पडतात आणि आवाज आपोआप खाली येतो. तारा नेहमीसारख्या ठेवल्या, तर वरच्या दोन तारांवरचं सगळं एक स्वर चढं वाजणार. खालचं बरोबर, वरचं बेसूर. हेच ते वाक्य. विश्वजीत सरांनी तारांकडं बघायला पाहिजे होतं, त्यांनी माझ्या शाळेकडं बघितलं.

तारा का उतरवल्या, तेही सांगतो. सरांना आतड्याच्या तारेचा आवाज पाहिजे होता. बाहेरच्या देशातनं मागवायला परवडत नव्हतं. वडील एकदा मला भेटायला उस्मानपुऱ्यात आले, तेव्हा सरांनी विचारलं, "केरबा, मेंढीच्या आतड्याची तात करता येईल का हो?" वडील म्हणाले, "व्हय. पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीला आमच्या आज्यानं लई दिल्यात." मग वडिलांनी शिकवलं तसं सरांनी आणि मी गॅलरीत आतडी खरवडली, राखेच्या पाण्यात ठेवली, ओली असताना पीळ देऊन दोन खिळ्यांत ताणली. सोसायटीनं तक्रार केली ती खरी आहे. तार लावली आणि पूर्ण चढवली की तुटायची. चार तुटल्या. पाचवी सरांनी एक स्वर खालीच सोडली आणि नुसती ओढून बघितली. मग दोन-तीनदा परत ओढली. म्हणाले, "आदिनाथ, नवी वही काढ." 'खाम' तिथून सुरू झालं. तुम्ही घंटागाडीत टाकल्या त्या याच तारा.

पक्क्या प्रतीत पहिल्या पानाच्या आधी एक कोरं पान आहे. नाव, आणि तारा कशा लावायच्या, हे त्याच्यावर येणार होतं. सर म्हणायचे, ते सगळ्यात शेवटी लिहू. एक्केचाळिसावं पान सहा नोव्हेंबरला झालं. त्या कोऱ्या पानावर मी स्वतःहून लिहू शकलो असतो. मला सांगितलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. ती चूक माझी.

फोनचंही तसंच आहे. एकोणीस ऑक्टोबरला सर पडले. मी फोन हातात घेतला होता. ते म्हणाले, "आत्ता नको. ती मला पुण्याला नेईल आणि सात पानं राहतील." मी ऐकलं. रोज तीन ओळी, कधी चार. तुम्ही मला त्यासाठी काहीही म्हणू शकता. नोटिशीत ते का नव्हतं, याचं मला नवल वाटलं होतं.

सोबत कच्ची वही. सोबत चार तारा, वडिलांनी आणि मी या आठवड्यात केलेल्या. दोन लावायच्या, दोन जवळ ठेवायच्या. तुटणार, हे धरून चाला. चेक परत पाठवतो.

आदिनाथ केरबा शिंगाडे


पुणे
११ नोव्हेंबर २०२५

आदिनाथ,

वाजलं.

तुझं पार्सल विश्वजीतांनी उघडलं. दोन दिवस ते तुझी पक्की प्रत आणि वही शेजारी ठेवून बसले. वहीतून सगळं पुन्हा उतरवून घेतलं, सहा पानांसकट. तारा त्यांना वासामुळे नको होत्या. आधी स्टीलच्याच उतरवून पाहिल्या. एक दिवस वाजवलं आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "त्या द्या."

एकोणतिसाव्या पानावर वरची तार तुटली. मोठा आवाज झाला. त्यांनी सगळ्यांसमोर बसून दुसरी लावली, सात मिनिटं लागली. एकशे चाळीस माणसांतली दोन उठून गेली. पुन्हा सुरू केलं ते त्याच ओळीपासून. शेवटच्या पानावर पहिल्या पानावरचंच परत आलं, खालून ते घासत वर आलं आणि वरच्यानं त्याला सोडलं नाही. मी फोनवर दोन मिनिटं ऐकलं होतं ते हेच. या वेळी मला मीटिंग नव्हती.

नोटीस मागे घेतली. पिशोरचा अर्जही. रामकिसनशेठच्या नावाचं पत्र सोबत आहे, बँकेच्या भाषेत आहे, पण चालेल. पत्रिकेत तुझं नाव नव्हतं. छापून झाली होती हे खरं आहे. छापून झाली नसती तर घातलं असतं का, ते मला माहीत नाही. विश्वजीतांनी वाजवण्याआधी उभं राहून तुझं आणि तुझ्या वडिलांचं नाव घेतलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तुला बोलावलं नाही, ते मुद्दाम. त्या तीन आठवड्यांचं काय करायचं, हे मला समजत नाही. बाबांनीच नको म्हटलं होतं, हे वाचून राग कमी व्हायला हवा होता. वाढला. आता तो दोघांवर आहे आणि त्यातला एकच जिवंत आहे.

तारांचा खर्च कळव. मला कुणाचं काही ठेवायचं नाही.

स्वरदा


गुलमंडी
दि. १७ नोव्हेंबर २०२५

मॅडम,

आज सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. शेठनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि गल्ल्याची किल्ली काउंटरवर ठेवली. मी उचलली. 

राग कमी करा असं मी म्हणणार नाही. माझाही पूर्ण गेलेला नाही.

तुम्ही विचारलं म्हणून हिशोब देतो.

मेंढीची आतडी, खाटकाकडून: २४० रुपये.
तुरटी: २० रुपये.
पार्सल, पिशोर ते पुणे: ११२ रुपये.
वडिलांची मजुरी: घेत नाहीत.
कच्च्या वहीची झेरॉक्स, ८८ पानं, माझ्याजवळ ठेवायला: १७६ रुपये.
एसटी, पुणे, जाऊन-येऊन: ८१० रुपये.
कार्यक्रमाचं तिकीट, शेवटची रांग: ३०० रुपये.

यातली शेवटची तीन कलमं माझी आहेत, ती मागत नाही. तुमच्याकडून येणे: ३७२ रुपये.

माझा ऑक्टोबर २०२४ चा पगार, सहा हजार, सरांकडून यायचा राहिला होता. तो सोडला.

माझ्याकडून तुम्हाला देणे: एक फोन, दिनांक १९ ऑक्टोबर २०२४ चा.

आदिनाथ केरबा शिंगाडे